चकलीच्या भावात आई कुठंय?

पत्र (थोडं कापलंय): "ताई, मी चिंचवडची. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये नोकरी गेली तेव्हा आईच्या हातची चकली सोसायटीच्या ग्रुपवर टाकली आणि तिथून फराळाचा धंदा सुरू झाला, आता वर्षभर ऑर्डरी असतात. काम सगळं माहेरी चालतं, आईबाबांनी पुढची खोलीच देऊन टाकलीय. बाबांनी रिटायरमेंटच्या पैशातले ६ लाख घातले, डिलिव्हरी पण तेच करतात ॲक्टिवावर, वय ७१. आई ६७, गुडघे गेलेत पण सकाळी ८ ला ओट्यापाशी उभी. मदतीला एक मावशी आहेत ६०० रुपये रोजावर. आईला पैसे द्यायला गेलं की चिडते, लेकीकडनं पैसे घेऊ का म्हणते. गेल्या महिन्यात भाऊ बंगलोरहून आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, तू आईबाबांना फुकट राबवतेस. तेव्हापासून झोप नाही मला. त्यात आता गाळा भाड्याने घेऊन मशीन टाकायचीत, ७ लाख लागतील, बाबा म्हणतात फ्लॅट तारण ठेवतो, नाहीतर तुझ्या नावावरच करून देतो. घेऊ का? आणि आईला बसवू कशी? स्टूल आणून दिलं तर ती त्यावर पिठाचा डबा ठेवते. — फराळवाली"

फराळवाली, तुला अगं-तुगंच करते, चालेल ना. तुझं पत्र तीनदा वाचलं आणि प्रत्येक वेळी त्या स्टुलावरच्या डब्यापाशी हसायला आलं, कारण आमच्याकडे सेम. आमची आई स्टुलावर वाळवणाची परात ठेवायची.

आधी भावाचं बोलून टाकू म्हणजे तुला पुढचं वाचता येईल. तो बोलला ते चुकीच्या जागी बोलला, चारचौघांत असं बोलत नाहीत, आणि वर्षातनं दोनदा येणाऱ्याने हिशोब विचारायचा तर निदान आईला गुडघ्याच्या डॉक्टरकडे एकदा तरी घेऊन जावं. पण बोललेलं सगळंच खोटं नाहीये गं. तुला झोप लागत नाही ती त्याच्यामुळे नाही, आतून तुलाही तेच वाटत होतं म्हणून. फक्त "राबवतेस" हा शब्द चूक आहे. तू राबवत नाहीयेस, तू मोजत नाहीयेस. आणि माझ्या मते तुझ्या धंद्याचा खरा घोळ तिथेच आहे, आईच्या गुडघ्यांचाही आणि त्या ७ लाखांचाही.

तू पत्रात आकडे दिलेत म्हणून बरं झालं (ते कापलेल्या भागात होते). चकली ४८० रुपये किलो विकतेस. सामान, तेल, गॅस, पॅकिंग, मावशींचा रोज सगळं धरून २९० पडतात. उरतात १९०. महिन्याला सरासरी १६० किलो माल जातो, म्हणजे ३०,४०० रुपये. हे तू स्वतःची कमाई समजतेस आणि आईबाबांनाही तेच सांगतेस, ते खूश.

आता माझ्याबरोबर जरा बस. मावशी आणि आई मिळून दिवसाला १२ किलो काढतात. मावशींना ६०० देतेस, आईचं काम त्यांच्यापेक्षा जास्तच, भाजणी तिची, मोहन तिचं, तळण तिचं, तरी समज तेवढेच ६०० धरले. किलोमागे ५० झाले. बाबा डिलिव्हरी करतात, तीच तू ॲपवरून माणूस बोलावून केलीस तर दोन किलोच्या ऑर्डरीला ६० तरी जातील, म्हणजे किलोला ३०. आणि ती पुढची खोली, तूच लिहिलंयस की शेजाऱ्यांनी तशीच खोली क्लासला ८,००० ने दिलीय, ते १६० किलोवर वाटले की परत ५०. किती झाले? १३०. तुझ्या १९० मधले १३० आईबाबांचे आहेत. महिन्याचे २०,८०० ते घालतात आणि तुझी खरी कमाई ९,६०० आहे.

वाईट वाटून घेऊ नकोस, मलाही आकडा लिहिताना कसंतरी झालं. पण हे कळल्याशिवाय पुढचं काहीच नीट ठरवता येणार नाही, कारण ७ लाखांचं कर्ज ११ टक्क्याने ५ वर्षांसाठी घेतलं तर हप्ता १५ हजारांच्या वर जातो. तो ३०,४०० मधून सहज जाईल असं तुला वाटतंय. तो ९,६०० मधून द्यायचाय! बाकीचा भार कुणाच्या गुडघ्यांवर जाणार ते सांगायला नको.

आणि कसंय, हे फक्त तुझ्याच घरी नाही. आपल्याकडे घरगुती धंदा म्हटला की आईचे हात हे गॅसच्या शेगडीसारखे धरलेले असतात, असतातच ते. गिरगावात १५ मार्च १९५९ ला सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, ते लिज्जत, ही गोष्ट सगळ्यांना माहितीये, ते ८० रुपये तर भाषणात हमखास येतात. मला त्यातली दुसरीच गोष्ट जास्त आवडते. तिथे पापड लाटणारीला लाटलेल्या किलोवर मजुरी मिळते, वणई म्हणतात तिला, आणि ती मजुरी पापडाच्या भावात धरलेली असते. लाटणारी बाई तिथली मालकीणसुद्धा असते, पण मालकीण आहे म्हणून तिची वणई कुणी बुडवत नाही. तुझ्या चकलीत आईची वणई नाहीये. म्हणूनच तुझी चकली ४८० ला परवडते आणि म्हणूनच कोपऱ्यावरच्या दुकानवाल्याला ती ५५० ला विकावी लागते, त्याला तळणाऱ्याला पगार द्यावा लागतो ना.

तर पहिलं काम भाव वाढव. ५४० कर. घाबरतेस ते माहितीये, गिऱ्हाईक तुटेल. तुटू दे थोडं. समज १६० चे १३० किलो झाले, तरी आईचे, बाबांचे आणि खोलीचे पैसे बाजूला काढून तुला महिन्याला १४,१०० राहतात, आत्ताच्या ९,६०० पेक्षा जास्तच, आणि वर ३० किलोचे घाणे कमी काढायचे. तळणाऱ्यासाठी ३० किलो म्हणजे अडीच दिवस. भाव आत्ताच वाढव, दिवाळीच्या तोंडावर नको, तेव्हा लोक चिडतात.

आता आई पैसे घेत नाही ते. हे नुसतं लाडाचं नाही, यात जुनी गाठ आहे. लेकीच्या घरचं पाणी पिऊ नये म्हणणाऱ्या पिढीतली ती. मुलाच्या दुकानात बाप गल्ल्यावर बसतो, संध्याकाळी त्यातनंच भाजी आणतो, कुणाला काही वाटत नाही. लेकीच्या धंद्यातनं शंभराची नोट घेतली की मात्र तिला आपण मागतकरी झाल्यासारखं वाटतं. तिच्याशी यावर वाद घालू नकोस, हरशील. हातात पाकीट द्यायचं बंदच कर. महिन्याच्या ५ तारखेला तिच्या खात्यात पैसे आपोआप जातील असं बँकेत लावून टाक, रक्कम किलोवर ठरव, आणि तिला एकदाच सांग की हे तुला देत नाहीये, चकलीच्या भावात धरलंय, न घेशील तर मला गिऱ्हाइकाला खोटा भाव सांगावा लागतो. बघ, खोटेपणा त्या पिढीला चालत नाही, ही मात्रा लागू पडते. साठल्यावर पोस्टात तिच्या नावाने सीनियर सिटिझनचं खातं उघड, ६० वर्षांवरच्यांना मिळतं, तीन महिन्यांनी व्याज तिच्याच खात्यात येतं. ते खर्च करायचं की नातवाला सायकल घ्यायची ते तिचं ती बघेल. बहुतेक सायकलच येईल. येऊ दे.

बाबांचे ६ लाख. हे काय आहेत, दिलेत की उसने? तुला माहीत नाही, बाबांनाही बहुतेक नाही आणि भावाच्या डोक्यात तर तिसरंच काहीतरी असणार. आईवडिलांनी मुलांना पैसे दिले तर मुलांना त्यावर इन्कम टॅक्स लागत नाही, रक्कम कितीही असो, बिनव्याजी उसने दिले तरी चालतात, फक्त उसने असतील तर २० हजार किंवा त्यावरची रक्कम रोखीत घ्यायची नसते, बँकेतूनच फिरवायची. पण सरकारचं सोड, घराचं बघ. एक साधा कागद कर. तारीख, रक्कम, बक्षीस की उसने, उसने असतील तर कसे फेडणार, आणि खाली तिघांच्या सह्या, तुझी, बाबांची आणि भावाची. हो, भावाची पण. आज तो तुला खलनायक वाटतोय, पण हा कागद उद्या तुलाच वाचवेल, कारण "हिला तेव्हा ६ लाख दिले होते" हे वाक्य घराघरात नेमकं तेराव्याच्या जेवणानंतर बाहेर येतं आणि तेव्हा सांगणारे दोघं उरलेले नसतात.

ॲमेझॉनवाल्या जेफ बेझोसचं उदाहरण देऊ का, राग नको मानू, मोठ्या माणसांची उदाहरणं मलाही आवडत नाहीत. १९९५ मध्ये त्याच्या आईवडिलांनी त्याच्या धंद्यात अडीच लाख डॉलरच्या आसपास घातले, आणि त्याने त्यांना आधीच सांगून टाकलं होतं की हे बुडण्याची शक्यता ७० टक्के आहे. पुढे काय झालं ते सोड, ते लाखात एखाद्याचं होतं. पण आधी सांगितलं होतं हे महत्त्वाचं. तू बाबांना असं कधी बसवून सांगितलंयस का, की बाबा हे परत येणार नाहीत असं समजूनच द्या? नसेल तर ते अजून मनातल्या मनात परत येण्याची वाट बघतायत, बोलणार मात्र नाहीत.

फ्लॅट. नाही. यावर माझं दुसरं मत नाही. तारणही नाही आणि नावावर करून घेणंही नाही. बाबांना कुणीतरी सांगितलं असेल की राहतं घर मुलांना बक्षीस द्यायला मुद्रांक शुल्क २०० रुपयेच पडतं, ते खरंय, बाकीचे खर्च वेगळे, पण स्वस्तात होतंय म्हणून करायचं नसतं. ७१ आणि ६७ च्या माणसांच्या डोक्यावरचं छप्पर चकलीच्या खपावर टांगायचं नाही. जामीनदार म्हणून बाबांची सही मागितली तरी थांब. लोकांना वाटतं जामीन म्हणजे नुसती ओळख. १८७२ चा करार कायदा सांगतो की जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. म्हणजे तुझे हप्ते थकले तर बँक आधी तुझ्याकडे यावं असंही बंधन नाही, थेट बाबांकडे वसुलीला जाऊ शकते.

मग पैसे आणायचे कुठून? मुद्रा कर्ज २०१५ पासून आहे, त्यात किशोर गटात ५ लाखांपर्यंत आणि तरुण गटात १० लाखांपर्यंत मिळतं, आणि त्याला तारण लागत नाही. शाखेत गेल्यावर साहेब "काहीतरी ठेवा हो मॅडम" म्हणतात, म्हणूनच सांगतेय, आधीच माहीत असलेलं बरं, नम्रपणे विचार की मुद्रामध्ये तारण कशाला, आणि एका शाखेत नाही जमलं तर दुसरी. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्यांची सरकारी नोंद, केली नसशील तर करून टाक, सरकारी साइटवर फुकट होते, त्यासाठी एजंटला हजार रुपये देऊ नकोस. खाद्यपदार्थांच्या छोट्या धंद्यांसाठी केंद्राची पीएमएफएमई म्हणून योजना २०२० मध्ये आली, प्रकल्पाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख अनुदान, कर्जाला जोडून. आपल्याकडे ती कृषी खात्यामार्फत चालते, पुण्याच्या जिल्हा अधीक्षक कृषी कार्यालयात जाऊन ती अजून चालू आहे का, नवे अर्ज घेतायत का ते विचारून ये, फोनवर नको, फोनवर कुणी धड सांगत नाही.

पण यातलं काहीही आज नको. आधी तीन महिने खऱ्या भावाने, खऱ्या खर्चाने धंदा चालव. आईचे पैसे तिच्या खात्यात गेले, खोलीचे ८,००० बाबांना गेले, आणि तरी तुझ्या हातात हप्त्यापुरतं उरलं तर मशीन घे. तेव्हाही ७ लाखांची सगळी जत्रा एकदम नको. पीठ मळायचं मशीन आधी, कारण भाजणी मळण्यात मनगट आणि खांदा जातो, आणि गाळा सगळ्यात शेवटी.

आता एक घरची गोष्ट. माझ्या भावाचं कॉलेजजवळ झेरॉक्सचं दुकान होतं. आमचे अण्णा रिटायर झाले आणि दुसऱ्या दिवसापासून तिथे गल्ल्यावर, ११ वर्षं. भाऊ सगळीकडे सांगायचा अण्णांना वेळ जायला बरं पडतं. मग अण्णांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं, तीन आठवडे घरी, आणि भावाला कळलं की कुठल्या प्राध्यापकाची किती उधारी, कागदवाला कुठल्या वारी येतो, टोनर कुणाकडनं स्वस्त मिळतो, यातलं त्याला काहीच माहीत नाही. अण्णांची एक डायरी होती पण ती त्यांच्याच भाषेत, "टकल्या सर १४०", "निळी स्कूटर ६५". भाऊ ती डायरी घेऊन हॉस्पिटलमध्ये, आणि सलाईन लावलेले अण्णा त्याला निळी स्कूटर कुणाची ते सांगतायत. आम्ही अजून हसतो यावर, तेव्हा कुणी हसत नव्हतं. त्या दिवसापर्यंत भावाला वाटत होतं अण्णा दुकानात मदत करतात. दुकान अण्णांचंच होतं गं, हा मदत करत होता.

तुझ्याकडे ती डायरी आईच्या हातात आहे. भाजणीचं माप वाटीचं, आणि वाटी कुठली ते तिलाच माहीत. मोहन किती, तर "हाताला कळतं". उद्या ती चार दिवस झोपून राहिली तर तुझी चकली विरघळेल तेलात. म्हणून वजनकाटा आण आणि आई करेल तसं करू दे, तू फक्त प्रत्येक वाटी काट्यावर ठेवून लिहून घे, तांदूळ इतके ग्रॅम, हरभरा डाळ इतकी, धणे इतके, किती मिनिटं भाजलं, एक किलो पिठाला मोहन किती. पाच-सहा वेळा लिही, मग सरासरी कळेल. ती वैतागेल, अशाने चकली होत नसते म्हणेल. पण मावशींना शिकवायची जबाबदारी तिच्यावर टाक आणि मग गंमत बघ, ज्या बाईला आयुष्यभर कुणी काही विचारलं नाही ती मास्तरीण होते. काम बंद करून तिला घरी बसवायचं मात्र डोक्यात आणू नकोस, भावाचं ऐकून एका रात्रीत "आई तू आता काही करायचं नाही" केलंस तर गुडघे राहतील आणि ती झुरेल. तिचा त्यात जीव आहे, तो पत्रात तुझ्याही नकळत आलाय.

बाबांचं पण तसंच. पावसात वाल्हेकरवाडीच्या वळणावर घसरले असं लिहिलंयस आणि पुढच्याच ओळीत दुसऱ्या दिवशी परत गेले. लांबच्या डिलिव्हऱ्या आजपासून ॲपवर, चालत जाण्यासारख्या तेवढ्या त्यांच्या. त्यांना उघडं सांगू नकोस की वय झालं. ते कंपनीत स्टोअर्सला होते ना? मग त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोल, म्हणावं बाबा माझ्या मालाला बिन कार्ड नाही, म्हणजे किती माल आला-गेला त्याची नोंदच नाही, तेलाचा डबा कधी उघडला, किती दिवसात संपला, मला काहीच कळत नाही. स्टोअरवाला माणूस हे ऐकून गप्प बसूच शकत नाही, संध्याकाळपर्यंत वहीला रेघा मारलेल्या असतील.

भावाला फोन तू कर. माफी मागायला नाही आणि भांडायलाही नाही, वरचे आकडे पाठव, ९,६०० चा पण पाठव, लपवू नकोस. आणि म्हणावं कागदावर सही करायला गणपतीत येशील तेव्हा आईला गुडघ्याच्या डॉक्टरकडे तू ने, अपॉइंटमेंट मी घेऊन ठेवते.

राहिलं स्टूल. अगं ओट्यापाशी स्टूल ठेवलं तर त्यावर डबाच बसणार, ओटा आहे उभ्याच्या उंचीचा, बसून कढईत हात पोचत नाही आणि बसून उकळत्या तेलाशी काम करणं धोक्याचं पण आहे. जागाच बदल. पुढच्या खोलीत जेवणाचं टेबल असेल ते घे, पाठीची खुर्ची, हात टेकायला असलेली. आई तिथे बसून सोऱ्याने कागदावर चकल्या पाडेल, मावशी उचलून नेतील आणि तळतील. आई म्हणेल त्यांना तळण कळत नाही, आच मोठी ठेवतात. म्हणू दे. पहिल्या घाण्यातली एक चकली टेबलावर आणून तिच्यापुढे मोडायची, ती बरी म्हणाली की दुसरा घाणा.